कागद दाखव! गल्लीतल्या सीमारक्षकांसाठी काही सूचना

तुमच्या गल्लीत बांगलादेशी घुसखोर शोधणारं एकही जागरूक पथक अजून निघालं नसेल, तर तुम्ही फार मागे पडलात. आमच्याकडे, पुण्यात सिंहगड रोडला, निघालं. मागच्या रविवारी सकाळी साडेदहाला आमच्याच जिन्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून आमच्या बाथरूममध्ये अडीच भिंतींना फरश्या आहेत आणि दीड भिंत उघडी आहे. रोज सकाळी त्या उघड्या भिंतीकडे बघत डोक्यावर तांब्या ओतताना जे जे सुचलं, ते होतकरू तरुणांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून काढलंय. मानधन नको.

पहिली गोष्ट, माणसं जमवा. एकट्यानं जाऊ नये. एकटे गेलात तर समोरचा 'तू कोण रे विचारणारा?' असं म्हणू शकतो, आणि या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसतं. आमच्याकडे अकरा जण आले होते. हा आकडा मला थोडा जास्त वाटतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १०३(२) पाच माणसांपासून मोजायला लागतं. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून कुणाला मारून टाकलं, तर फाशी किंवा जन्मठेप. तेव्हा हिशेबी माणसानं चौघांत भागवावं. पण चौघांत रील उठून दिसत नाही, हीही अडचण आहेच.

गाडीला नंबरप्लेट नसावी आणि लायसन्स घरी ठेवावं. कागद दुसऱ्याचे बघायचे असतात.

वेळ रविवार सकाळची उत्तम. सोसायटीतले सगळे घरी असतात, त्यामुळे मध्ये कुणी पडत नाही.

आता घुसखोर शोधायचा कुठे? देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तेव्हा यावर नीट विचार हवा. चार बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तो कधीही नसतो. कोरेगाव पार्कातल्या कॅफेत बसलेल्या गोऱ्या पाहुण्याचा व्हिसा संपलाय का, हे बघायच्या भानगडीत पडू नका, त्याच्याबरोबर फोटो काढा. घुसखोर हा साधारणपणे घमेल्यात सिमेंट कालवत असतो, गाडीवर कांदा चिरत असतो, भंगाराची हातगाडी ढकलत असतो, सलूनमध्ये तुमच्याच डोक्याला मालिश करत असतो. हात कामात गुंतलेला माणूस निवडावा. त्याला खिशातून आधार काढायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ संशयास्पद म्हणून धरता येतो.

आमच्याकडे टाइल्सचं काम चालू होतं. कारागीर पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव वाचलं की तुमच्यातले निम्मे 'मग बरोबरच आहे' म्हणतील, उरलेले 'अरेरे, आपलाच निघाला' म्हणतील, आणि दोघांनाही पुढचं वाचायची गरज उरणार नाही. नऊ वर्षं पुण्यात आहे एवढं पुरे. सोसायटीतल्या चौघांची बाथरूमं त्यानंच केली, त्यातलं एक अध्यक्षांचं.

पथकानं त्याची आधी तोंडी परीक्षा घेतली. 'मराठी बोलून दाखव.' त्याचे दोन्ही हात बरबटलेले, गुडघ्यावर बसलेला. म्हणाला, 'बोलतो ना दादा. तेवढा ओळंबा द्या इकडं.' अकरा जण एकमेकांकडे बघायला लागले. ओळंबा कशाला म्हणतात हे एकालाही माहीत नव्हतं. भिंत सरळ आहे का ते बघायचं ते दोरीला टांगलेलं वजन, त्यांच्या पायाशीच पडलं होतं. तेव्हा सूचना अशी की भाषेची परीक्षा घ्यायला जाताना आपण आधी पास होऊन जावं. मग एकानं दुसरी कसोटी काढली, ती त्याला मोबाइलवर आली होती. म्हणे, बंगाली बोलणारा पाण्याला 'पानी' म्हणाला तर तो सीमेपलीकडचा, 'जोल' म्हणाला तर अलीकडचा. विचारणाऱ्याच्या हातात बाटली होती. तू त्यातल्याला काय म्हणतोस बाबा, असं मला विचारावंसं वाटलं. पण मी सेफ्टी डोअरच्या आत होतो. त्याबद्दल पुढे येईन.

मुख्य विषय कागदांचा. 'आधार दाखव.' त्यानं हात धुतले, दाखवलं. नवशिके इथे गडबडतात, कारण आधार निघालं तर पुढे काय? घाबरू नका. आधार निघालं की म्हणायचं, 'आधार काय, कुणीही काढतं.' आणि गंमत म्हणजे कायदाही तुमच्या मदतीला येतो. २०१६ च्या आधार कायद्यात, कलम ९ मध्ये लिहूनच ठेवलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणजे नसेल तर घुसखोर आणि असेल तर बनावट. असा बिनतोड प्रश्न काढणाऱ्याला खरं तर एमपीएससीनं पेपर काढायला बसवलं पाहिजे. मतदार ओळखपत्र दाखवलं, 'तेही मिळतं.' पॅन दाखवलं, 'ते तर पाचशेत मिळतं.' मग फोटो जुळत नाही. हा तू नाहीसच. मग जन्मतारीख. १ जानेवारी! एकानं कार्ड वर धरून बाकीच्यांना दाखवलं, सापडलं सापडलं अशा आवाजात. 'यांच्या सगळ्यांची एक जानेवारीच असते. एकाच ठिकाणी छापतात!'

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. काकांची १ जून. आत्याचीही १ जून, फक्त वर्ष वेगळं. तुमच्याही घरात एखादी १ जून असेलच, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकून दिलेली. आजीला विचारलं तर सांगायची, 'नागपंचमीच्या मागंपुढं झाला, फार पाऊस होता त्या साली.' नागपंचमीच्या मागंपुढं असा रकाना कुठल्याही फॉर्मात नसतो. आमचं घर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला, आणि मुठा घरात शिरली. आजी दोन पोरं काखेत, एक हाताला आणि देवातला बाळकृष्ण ओच्यात घेऊन पर्वतीकडे पळाली. पत्र्याची पेटी राहिली. रेशनकार्ड, भाडेपावत्या, आजोबांचे नोकरीचे कागद, सगळं त्या पेटीत होतं. दुसऱ्या दिवशी पेटी नव्हती, पेटी ठेवायची भिंतही नव्हती. त्या दिवशी नदीकाठच्या पेठांत किती माणसं बिनकागदाची झाली असतील? त्यांना कुणी पर्वतीच्या पायथ्याशी ओळीत उभं करून विचारलं का, कागद दाखव, बाप कुठे जन्मला ते सांग? त्यांना लोकांनी भाकऱ्या दिल्या. मग पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, गोखलेनगर त्यातलंच. आता तिथल्या फ्लॅटचे भाव विचारा.

आणि आमच्या टाइल्सवाल्याचं गाव गंगेच्या काठाला होतं. होतं म्हणतोय. मालदा आणि मुर्शिदाबादकडे गंगा काठ खात सुटली आहे. फरक्क्याचा बंधारा झाल्यापासून तर आणखीच, असं तिकडचे लोक सांगतात. शेत जातं, शाळा जाते, मशीद जाते, देऊळ जातं. कामाच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यानं मला सांगितलं होतं, 'आमचं घर तीनदा मागं सरकवलं दादा. चौथ्यांदा मागं जागाच नव्हती.' सांगताना हसत होता. आजीसुद्धा पानशेतचं सांगताना हसायची, आणि मग उठून उगाचच चुलीपाशी जायची.

आजीचे कागद नदीनं नेले तर ती पूरग्रस्त. याचे नेले तर हा घुसखोर.

असो. सूचना चालल्या होत्या.

स्थानिक कोण, हे ठरवताना १७३० च्या मागे जाऊ नका. त्या साली शनिवारवाड्याचा पाया ज्यांनी घातला, ते मूळचे श्रीवर्धनचे. पिंपरीतले सिंधी तर फाळणीत सीमेपलीकडूनच आले. रास्ता पेठेतले तमिळ, कॅम्पातले इराणी, ही सगळी मंडळी बाहेरची. त्यांच्याकडे इडली, बन-मस्का खावा आणि विषय बदलावा.

कायदा वाचू नये. माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनी वाचला तर त्यात असं निघतं की खासगी माणसाला दुसऱ्याला पकडता येतं, पण त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा समोरचा घोषित गुन्हेगार असेल तरच. आणि मग त्याला लगेच, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. फरशी बसवणं हा त्यातला गुन्हा नाही, मी तपासलं. वाकडी बसवली तरी नाही.

पथकाकडून कधी चूक होते. मनाला लावून घेऊ नका, मोठमोठ्या पथकांकडून झालेल्या आहेत. पुण्यातच चंदननगरला जुलै २०२५ मध्ये, तेही नेमकं कारगिल विजय दिनाच्या रात्री, असाच जमाव एका घरात शिरला आणि बांगलादेशी म्हणत कागद मागायला लागला. त्या घरातल्यांचा भाऊ १९९९ ला कारगिलमध्ये लढलेला सैनिक निघाला. होतं असं. रात्रीच्या अंधारात सैनिकाचं घर आणि घुसखोराचं घर सारखंच दिसतं.

ऑगस्ट २०१२ तर आठवतच असेल. ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले होणार अशा अफवा, आणि पुणे स्टेशनवरून गुवाहाटीच्या दिशेनं भरभरून गेलेल्या गाड्या. काही मुलांना इथे मार पडला होता, बाकीच्यांना नुसते एसएमएस पुरले. सरकारला १५ दिवस घाऊक एसएमएस बंद करावे लागले. मणिपूर कुठल्या देशात येतं, असं तेव्हा आमच्या ऑफिसात एका पदवीधरानं मला विचारलं होतं.

आणि राईनपाडा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आलीय, असा निरोप त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होता. आठवडे बाजाराचा दिवस होता. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. मरेपर्यंत मारलं. पाचही. मराठी बोलणारे, हिंदू. तुमच्या सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात पास झाले असते रे ते! ओळंबा म्हणजे काय तेसुद्धा त्यांना माहीत असेल. पण परीक्षा घेतो कोण? मोबाइलवर निरोप आला, अनोळखी चेहरा दिसला, हात शिवशिवत होते. संपलं. ज्यांना वाटतं की पथक फक्त 'त्यांच्या' दारात जाईल, आपल्या नाही, त्यांनी मंगळवेढ्याला जाऊन त्यांच्या घरांत विचारावं.

हडपसरचं सांगायला नको होतं, पण सांगतो. जून २०१४. सोलापूरहून नोकरीला आलेला एक तरुण, संगणकातला. फेसबुकवर कुणीतरी काहीतरी टाकलं होतं. यानं नव्हे. हा नमाज पढून खोलीवर परतत होता. दाढी होती. हॉकी स्टिकनं मारला. २०२३ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. म्हणजे सोलापुरात एका घरातला मुलगा गेला आणि मारलं कुणीच नाही.

पुढची सूचना कौतुकाची व्यवस्था कशी करावी याबद्दल होती. ती काही करावी लागत नाही. पथक खाली उतरायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला, 'मुलांनी छान काम केलं. सुरक्षा महत्त्वाची.' खाली सतरा अंगठे. निरोप बहुधा त्याच बाथरूममधून टाकला असावा, जे त्या माणसानं केलंय. अध्यक्षांचा मुलगा न्यू जर्सीला. घराबाहेर पडताना हल्ली रोज सगळे कागद बरोबर ठेवतो म्हणे, कधी कुणी अडवेल सांगता येत नाही. हे मला त्यांनीच सांगितलं, गणपतीच्या आरतीनंतर, डोळ्यांत पाणी आणून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात परत घेता येत असेल तर मला कळवा.

सुरक्षा! याच रस्त्यावर २०२५ च्या जानेवारीत माणसं एका रात्रीत लुळी पडायला लागली, जीबीएस नावाचा मज्जातंतूंचा आजार, आणि संशय पिण्याच्या पाण्यावर होता. तेव्हा एक तरी पथक पाण्याच्या टाकीवर चढून म्हणालं का, कागद दाखव, क्लोरीन कधी टाकलं दाखव? पोरं कोयते घेऊन उभ्या गाड्या फोडत जातात तेव्हा हे अकरा जण कुठे असतात? (काही जण तिथेच असतात, असं आमचा पेपरवाला म्हणतो.) टँकरवाला दर महिन्याला भाव वाढवतो, त्याला कधी जिन्यात उभा केलात? बिल्डरनं भोगवटा पत्र न देता दहा वर्षं झुलवलंय, तो कागद माग की! तिकडे जायची हिंमत नाही. कारण तिकडे गेलात तर समोरूनही अकरा जण येतील.

अरे, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? अकरा जण मिळून गुडघ्यावर बसलेल्या एका माणसाला घेरता, आणि त्याचं चित्रीकरण करून त्यावर युद्धाचं संगीत लावता? देशाची सीमा सांभाळायला बीएसएफ आहे. ती सीमा आमच्या दुसऱ्या मजल्यावरून जात नाही. कुणी खरंच बेकायदा आलेला असेल, तर त्याच्यासाठी कायदा आहे, पोलिस आहेत, न्यायालय आहे. आणि त्यांच्याकडूनही काय घोळ होतात ते बघा. जून २०२५ मध्ये मिरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचा एक गवंडी उचलला आणि नेऊन बांगलादेशात ढकलला. भारतीय निघाला. परत आणावा लागला. ज्यांच्याकडे अधिकार आहे, कचेरी आहे, कॉम्प्युटर आहे, त्यांचं हे. मग तुम्ही कोण लागून गेलात? तुम्हाला पीयूसी कधी संपली ते वाचता येत नाही, माणूस कुठला हे चेहऱ्यावरून वाचता?

आणि तुम्ही, दाराला डोळा लावून बघणारे! तुमची फरशी याच्या हातची, तुमचं पोट त्या गाडीवरच्या पोराच्या हातचं, तुमच्या म्हाताऱ्या आईला रात्री उठून कूस बदलवणारी बाई दुसऱ्याच राज्यातली. तेव्हा कागद आठवला नाही. स्वस्त पडतं तोवर माणूस आणि गल्लीत पथक आलं की घुसखोर. दार उघडून 'हा आमच्याकडे कामाला आहे, निघा इथून' एवढं म्हणायला काय जातं?

मला काय गेलं, ते सांगतो. त्यानं माझ्याकडे बघितलं होतं, दोनदा. माझ्या घरचं काम, मी बोलावलेला माणूस. आणि मी सेफ्टी डोअरच्या जाळीतून काय म्हणालो? 'अहो, जरा हळू बोला, वरती पेशंट आहे.'

आवाजाची तक्रार केली मी. त्यातला एक जण म्हणालासुद्धा, 'सॉरी काका.'

तो त्याच संध्याकाळी स्टेशनवर गेला. राहिलेली मजुरी मी मोबाइलवर पाठवली. पोचली म्हणाला, आणि वर म्हणाला, 'दादा, उघड्या भिंतीवर पाणी मारू नका, ओल आत जाईल. नवीन माणूस आला की त्याला सांगा, ढाळ जाळीकडं दिलाय, बदलू नको.' मी रोज तांब्या जपून ओततो.

बुधवारी तक्रार द्यायला चौकीत गेलो. दोन तास बसलो. साहेब म्हणाले, 'मार लागला का कुणाला?' नाही. 'ज्याला त्रास झाला तो कुठाय?' गेला गावाला. 'मग तुमचं काय त्यात?' मी म्हणालो, माझ्या दारात झालं. मग मी विचारलं की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुंडशाहीच्या प्रकारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं होतं, ते आपल्याकडे कोण आहेत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

'आधार आहे का?'

दिलं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कार्डाकडे.

'फोटो जुळत नाही हो,' ते हसून म्हणाले, कार्ड परत दिलं आणि अर्जावर पोच म्हणून शिक्का मारला.